सीट उचलली की सुरू होणारी व्हॅन

पूर्णपणे बंद पडलेली गाडी दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते, कारण बिघाड समोर हजर असतो आणि तो सापडेपर्यंत तिथेच थांबतो. अधूनमधून बंद पडणारी गाडी मात्र गॅरेजच्या दारात पोहोचली की सुरळीत चालू लागते, मिस्त्री दोन फेऱ्या मारून ‘काही नाही, ठीक आहे’ असे सांगतो, आणि परतीच्या वाटेवर ती पुन्हा थांबते. आमच्या 2007 च्या व्हॅनने मला हा अनुभव एका संपूर्ण उन्हाळ्यात दिला. माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवण्यात झाली, त्यामुळे वाहनांचा नसला तरी विजेच्या बिघाडांचा मला सराव होता, आणि शेवटी तोच कामी आला. हा बिघाड कसा शोधला हे सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्याकडे अशा जुन्या पेट्रोल व्हॅन अजून गावोगाव चालत आहेत आणि त्यांच्या मालकांचे बरेच पैसे अंदाजाने सुटे भाग बदलण्यात जातात.

गाडी तीन सिलिंडरची, पेट्रोल इंजेक्शनची आणि पुढच्या सीटखाली इंजिन असलेली. आम्ही ती जुनी विकत घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात गॅसचे किट बसवले होते आणि विकण्यापूर्वी ते काढून टाकले होते. घरची ये-जा, शेतावर खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी नेणे, लग्नसराईत पाहुण्यांना भुसावळच्या स्टेशनावरून आणणे, अशी सगळी कामे तिच्यावर असत. हिवाळ्यात तिने एकदाही त्रास दिला नाही. मार्चअखेरीस ऊन तापू लागले, तशी ती यावल–भुसावळ रस्त्यावर, बहुधा दुपारी आणि बहुधा अंजाळ्याच्या घाटाच्या आसपास, चालता चालता बंद पडू लागली.

बंद पडण्याचा धोका आधी नीट लक्षात घ्यावा. इंजिन थांबले की ब्रेकला मदत करणारी व्हॅक्युमची ताकद फक्त एखाद-दोन वेळा पेडल दाबण्यापुरती शिल्लक राहते. त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते आणि पूर्ण पाय टाकून दाबावे लागते. अशा वेळी ब्रेक सारखा सोडून पुन्हा दाबू नये, एकदाच दाबून धरावा आणि गाडी चालत असेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला घ्यावी. आमच्या व्हॅनला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे स्टिअरिंगवर परिणाम होत नसे. ज्यांच्या गाडीला ते आहे त्यांना तेही अचानक जड झालेले जाणवेल. मागून केळीचा भरलेला ट्रक येत असताना चढावर गाडी थांबणे ही साधी गैरसोय नव्हे. म्हणून बिघाड सापडेपर्यंत रात्रीचा प्रवास आणि लहान मुलांना घेऊन लांब जाणे आम्ही बंद केले होते.

भुसावळच्या एका गॅरेजमध्ये पेट्रोल फिल्टर, प्लग, प्लगच्या वायरी आणि शेवटी टाकीतला पंप असे भाग एकामागून एक बदलले गेले. प्रत्येक बदलानंतर गाडी काही दिवस उत्तम चालली. त्यामुळे प्रत्येक वेळी वाटे की या खेपेला सापडले. मिस्त्री प्रामाणिक होता, त्याने बदललेला प्रत्येक भाग मला दाखवला, आणि त्यांपैकी फिल्टर तर खरोखरच काळा पडलेला होता. परंतु भाग बदलल्यावर गाडी चालू लागली, एवढ्यावरून त्या भागातच बिघाड होता असे सिद्ध होत नाही. भाग बदलताना हात कुठे कुठे लागतो, काय काय हलते, हेही त्या बदलाबरोबर घडलेले असते.

हे माझ्या आधी माझ्या पत्नीच्या लक्षात आले. एका दुपारी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली, मी नेहमीप्रमाणे खाली उतरून पुढची सीट उचलायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, “अहो, प्रत्येक वेळी तुम्ही सीट उचलता, नुसते पाहता, परत खाली ठेवता आणि गाडी सुरू होते. आज उचलू नका. तशीच सुरू करून पाहा.” मी तशीच चावी फिरवली. सेल्फ व्यवस्थित फिरला, इंजिन पकडेना. बऱ्याच वेळाने सीट उचलून ठेवली आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. त्या दिवसापासून सीट उचलायची नाही, हा मी नियमच केला, कारण सीटबरोबर बिघाडही जागचा हलत होता.

त्यानंतर गाडीत एक वही ठेवली. गाडी बंद पडली की वेळ, ऊन, टाकीतले पेट्रोल, गाडीतला भार, रस्ता चढाचा की सपाट, वेग, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिन *कसे* बंद पडले, हे लिहायचे. या शेवटच्या मुद्द्यावर मी फार भर देईन, कारण इंजिन मरण्याची पद्धत अर्धे निदान सांगून जाते. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन आधी कुरकुरते: पिकअप जातो, झटके बसतात, ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलला की जरा सावरते, पुन्हा दाबले की पुन्हा दम टाकते, आणि मग बंद पडते. याउलट वीजपुरवठा तुटला तर चावी फिरवून बंद केल्यासारखे एका क्षणात सगळे थांबते. झटका नाही, कुरकुर नाही. फक्त सिग्नलला किंवा गतिरोधकापाशी गाडी हळू झाल्यावर इंजिन बंद पडत असेल आणि वेगात काहीच तक्रार नसेल, तर आयडलिंग सांभाळणारा व्हॉल्व्ह, थ्रॉटलवर साचलेला कार्बन किंवा इनटेकच्या एखाद्या फुटलेल्या नळीतून शिरणारी हवा यांकडे आधी पाहावे. आणि एका सिलिंडरचा प्लग किंवा वायर गेली तर तीन सिलिंडरचे इंजिन जोरात थरथरेल, मिसिंग करील, पण दोन सिलिंडरवर रखडत का होईना चालत राहील. तिन्ही एकाच क्षणी थांबत असतील तर दोष तिघांना सामाईक असलेल्या जागी शोधावा लागतो.

आमच्या वहीत जवळजवळ प्रत्येक नोंदीत एकच शब्द येऊ लागला: ‘एकदम’. टाकी भरलेली असो की निम्मी, गाडीत माणसे असोत की ती रिकामी असो, फरक पडत नव्हता. फरक उन्हाने पडत होता आणि खड्ड्यांनी.

दुसरी महत्त्वाची खूण डॅशबोर्डवर होती. चावी ‘ऑन’ करून इंजिन सुरू न करता पाहिले, तर तीन दिवे लागतात: ऑइलचा, बॅटरीचा आणि चेक इंजिनचा. चालत्या गाडीत इंजिन थांबले आणि चावी तशीच ‘ऑन’ राहिली, तर हे तिन्ही दिवे पुन्हा लागायला हवेत. ऑइलचा दिवा ऑइलच्या दाबाच्या स्विचवर चालतो, बॅटरीचा अल्टरनेटरवर, म्हणून इंजिन फिरायचे थांबले की हे दोन आपोआप लागतात. चेक इंजिनचा दिवा मात्र इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, स्वतः लावतो. त्या दिव्याला एका बाजूने चावीतून पुरवठा असतो आणि दुसरी बाजू ईसीएम आतून अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला, जोडतो. आमच्या गाडीत इंजिन थांबले की ऑइल आणि बॅटरीचे दिवे लख्ख लागत, पण चेक इंजिनची जागा काळीच राही. याचा सरळ अर्थ असा की त्या क्षणी ईसीएमच जागा नव्हता. जो कॉम्प्युटर स्वतःच बंद पडला, तो बिघाडाचा कोड तरी कसा नोंदवणार? गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ‘कोड काहीच नाही’ असे जे उत्तर मिळाले होते, त्याचा उलगडा इथे झाला. ज्यांची गाडी अशी बंद पडते, त्यांनी रस्त्याच्या कडेला थांबताच चावी तशीच ‘ऑन’ ठेवून या तीन दिव्यांकडे पाहावे. यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही.

तरीही पेट्रोलची बाजू मी सोडून दिली नाही, कारण एका खुणेवर सगळा भरवसा ठेवणे बरोबर नसते. चावी ‘ऑन’ केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि दाब तयार करून थांबतो; मागचे दार उघडून शांत जागी तो सहज ऐकू येतो. अशा इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब साधारण अडीच ते साडेतीन बारच्या दरम्यान असतो, आणि गेजवर तो गरम इंजिनातही स्थिर होता. टाकीच्या झाकणातील हवेची वाट बुजली तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडून ‘फुस्स’ असा आवाज येतो का हे पाहिले, तो कधीच आला नाही. ज्यांच्याकडे त्याहून जुनी कार्बोरेटरची व्हॅन आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी आहे: तिथे पेट्रोलचा पंप इंजिनलाच लावलेला असतो, भर उन्हात चढावर त्यात आणि नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, आणि पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी सुरू होते. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत आणि दाबाखाली असल्यामुळे तसे होणे फारच कमी. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात बंद पडलेल्या प्रत्येक पेट्रोल गाडीवर ‘गॅस धरला’ असे निदान सर्रास केले जाते.

याच सुमारास चोपड्याकडचा, माझा जुना विद्यार्थी असलेला एक ऑटो इलेक्ट्रिशियन घरी आला. त्याने वही वाचली आणि अहिराणीतच म्हणाला, “सर, गाडी तपनी म्हणजे बंद पडी जास. क्रँकना सेन्सर देखूत.” त्याचा तर्क अगदी योग्य होता. क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर गरम झाल्यावर आतून तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो, हे जुन्या गाड्यांतले नेहमीचे कारण आहे, आणि त्यातही इंजिन एकदम बंद पडते, कारण ईसीएमला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही आणि तो स्पार्क व इंजेक्शन दोन्ही थांबवतो. परंतु त्या बिघाडात ईसीएम जिवंत असतो, म्हणून चेक इंजिनचा दिवा लागतो. आमच्याकडे तो लागत नव्हता. तरी खात्री करून घ्यावी म्हणून सकाळच्या गारव्यात, इंजिन चालू ठेवून, सेन्सरवर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा बराच वेळ सोडली. इंजिन एकसारखे चालत राहिले. प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलवरही तसेच केले. येथे एक सांगायला हवे, की थंड कॉइलचा किंवा सेन्सरचा रोध मल्टिमीटरवर बरोबर आला म्हणून तो भाग चांगला आहे असे समजू नये. तारेतली बारीक भेग तापून उघडल्याशिवाय मीटरला ती दिसत नाही.

आता शंका एका लहान टापूत आली होती: चावीचा स्विच, मेन रिले (ईसीएमला वीज जोडणारा, विजेवर चालणारा स्विच), त्या रिलेला बॅटरीकडून येणारा पुरवठा आणि ईसीएमचे अर्थिंग. यांतले नेमके काय तुटते हे गाडी बंद पडलेली असतानाच कळू शकत होते, आणि ती बंद पडण्याची जागा म्हणजे भर रस्ता. तिथे उतरून, पॅनेल उघडून मीटर लावेपर्यंत बिघाड निघून जातो. म्हणून मीटर आधीच लावून ठेवायचे ठरवले. पार्किंगचे तीन पाच वॅटचे बल्ब घेतले, प्रत्येकाला लांब वायर आणि छोटा फ्यूज जोडला आणि तिन्ही डॅशबोर्डवर नजरेसमोर चिकटवले. पहिला बल्ब चावीच्या स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरवर, दुसरा मेन रिलेच्या आउटपुटवर, म्हणजे जिथून ईसीएमला वीज मिळते तिथे, आणि तिसरा पेट्रोल पंपाच्या वायरवर. हे सगळे जोड डॅशबोर्डखाली करता आले, सीटला हात लावावा लागला नाही.

एलईडी न वापरता तारेचे बल्ब वापरण्यामागे कारण आहे. एलईडी अगदी थोड्या प्रवाहावर उजळतो, त्यामुळे खराब जोडातून नावापुरती वीज येत असली तरी तो छान पेटलेला दिसतो. तारेचा बल्ब सुमारे 0.4 अँपिअर ओढतो, आणि व्होल्टेज उतरले की लगेच पिवळा पडतो. या दिव्यांचा अर्थ लावतानाही एक काळजी घ्यावी लागते. इंजिन थांबल्यावर ईसीएम सुरक्षेसाठी पंप स्वतःच बंद करतो, म्हणून पंपाचा दिवा विझणे हा नेहमीच बिघाड नसतो. तो इंजिन थांबण्याआधी विझला की नंतर, हे पाहायचे असते. तिन्ही दिवे एकदम गेले तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या आधी. पहिला आणि दुसरा टिकला, आणि तिसरा इंजिन थांबल्यावर मग गेला, तर सेन्सर किंवा ईसीएमकडे वळायचे. पहिला टिकला आणि दुसरा-तिसरा गेला, तर मेन रिले किंवा त्याचा पुरवठा.

मे महिन्यात, पारा 44 च्या पुढे असताना, भुसावळकडून परत येताना तापीचा पूल ओलांडून पुढे आलो आणि अंजाळ्याच्या चढाला लागण्यापूर्वी पत्नीने सांगितले, “मधला दिवा फडफडतोय.” मीही पाहिले. पहिला बल्ब पांढराशुभ्र होता, मधला पिवळा पडून थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर तिसराही. पुढच्या खड्ड्याला मधला आणि तिसरा एकत्रच विझले आणि इंजिन थांबले. पहिला तसाच जळत होता. चेक इंजिनची जागा काळी होती. गाडी कडेला घेतली, मागे त्रिकोण ठेवला, आणि मला अतिशय आनंद झाला हे मी लपवत नाही, कारण बिघाड प्रथमच हातात सापडला होता.

मेन रिले त्याच मापाच्या हॉर्नच्या रिलेशी बदलून पाहिला. मधला दिवा लागला नाही. म्हणजे रिले निर्दोष होता. मग मल्टिमीटर काढून रिलेच्या त्या टोकाशी लावला, जिथे बॅटरीकडून थेट पुरवठा येतो. बॅटरीवर 12.4 व्होल्ट होते, आणि रिलेच्या या टोकाशी 6 ते 8 च्या दरम्यान खालीवर होणारा आकडा. मध्ये चार ते सहा व्होल्ट कुठेतरी गळत होते. पत्नीला सीट न उचलता तिच्या डाव्या कोपऱ्यावर फक्त हाताने दाब द्यायला सांगितले. दाब देताच मीटर 12 वर गेला आणि मधला दिवा लागला. हात काढला की पुन्हा खाली.

घरी आल्यावर सावलीत, इंजिन निवल्यानंतर सीट काढली. सीटच्या चौकटीला लागून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात, मूळ टेपच्या मध्येच, बोटाच्या एका पेराएवढा दुसऱ्या टेपचा गुंडाळा होता. कंपनीच्या टेपला चकाकी नसते आणि ती कापडासारखी असते. ही चकचकीत, स्वस्त पीव्हीसी टेप होती, उष्णतेने तिचा डिंक वितळून बाहेर आला होता आणि त्यावर धूळ बसून काळी खळ झाली होती. टेप उलगडली तेव्हा आतली वायर दिसली. गॅसचे किट बसवताना त्याच्या पुरवठ्यासाठी मेन रिलेकडे जाणारी मुख्य वायर मध्येच कापली होती, किटची वायर तिच्यात घालून तिन्ही टोके नुसती पिळली होती, आणि किट काढताना त्याची वायर फक्त खेचून घेतली होती. उरलेल्या दोन टोकांचा पीळ त्यामुळे सैल झाला होता. तांब्याचा लालसरपणा कुठेच शिल्लक नव्हता. वरच्या तारा काळ्या, आतल्या हिरवट, आणि काही तारा तुटून टेपला चिकटून आलेल्या. नखाने ढकलले तर एक टोक दुसऱ्यातून सहज सरकत होते. सीटची चौकट नेमकी या गुंडाळ्यावर टेकत होती.

दुरुस्तीपूर्वी, सीट पुन्हा जागेवर ठेवून, चालू इंजिनवर मी मुद्दाम मोजमाप घेतले, कारण ते इतरांना उपयोगी पडेल. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर मीटरचे एक टोक आणि रिलेच्या पुरवठ्यावर दुसरे, असे ठेवून इंजिन चालू असताना जो आकडा दिसतो, तो त्या वाटेत वाया जाणारा व्होल्टेज. चांगल्या जोडाच्या वाटेत तो एक-दोन दशांश व्होल्टच्या आत राहावा. आमच्याकडे इंजिन थंड असताना 0.3 आणि तापल्यावर 0.9 व्होल्ट आला. त्या वायरीतून त्या वेळी साधारण 6 अँपिअर प्रवाह जात होता. 0.9 ला 6 ने भागले तर जोडाचा रोध 0.15 ओहम येतो, आणि 0.9 गुणिले 6 केले तर 5.4 वॅट. म्हणजे पार्किंगच्या एका बल्बएवढी उष्णता त्या टेपच्या आत, हवा न लागता, सतत तयार होत होती; तीही इंजिनच्या शेजारी आणि आपल्या मे महिन्यात. तापलेला जोड आणखी ऑक्साइड धरतो, रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये सैल राहिलेला लग, म्हणजे वायरच्या टोकाचा जोड, दुपारी तीनला असाच जळतो आणि शेतकरी मोटार जळाली म्हणून ती काढून आणतो. वर्षानुवर्षे मी मुलांना तेच शिकवत आलो होतो.

मोजमापाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हाच जोड गाडी बंद करून, बॅटरी काढून, मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर तपासला असता तर ‘बीप’ वाजून तो उत्तम ठरला असता, कारण साधा मीटर तपासताना अगदी क्षीण प्रवाह सोडतो आणि एक धागा जरी चिकटलेला असेल तरी त्याला तो पुरतो. वाहनाच्या वायरिंगची परीक्षा नेहमी लोडवर, म्हणजे प्रवाह वाहत असताना, व्होल्टेज मोजूनच करावी. गॅरेजमधल्या बहुतेक जणांकडे मीटर असतो, पण तो ‘बीप’च्या खुंटीवरच अडकून राहिलेला असतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुरुस्ती सोपी होती. दोन्ही बाजूंनी लालसर, स्वच्छ तांबे लागेपर्यंत वायर मागे कापली, मधल्या तुकड्यासाठी मूळ जाडीचीच वाहनाची वायर घेतली, तांब्याच्या स्लीव्हने दोन्ही जोड योग्य हत्याराने दाबून घेतले आणि त्यांवर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. सोल्डर मी केला नाही. सोल्डर वाईट नव्हे, पण तो वायरच्या धाग्यांत वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो, आणि थरथरणाऱ्या गाडीत वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. नंतर सगळे जुडगे नालीदार नळीत घालून सीटच्या चौकटीपासून आणि इंजिनपासून दूर बांधले. ईसीएमचे अर्थिंगही त्याच बैठकीत सोडवून, बोल्टखालचा गंज पॉलिश पेपरने काढून, पुन्हा घट्ट केले. तिथला व्होल्टेज आधीही ठीक होता, पण गाडी उघडलीच होती. तापलेल्या इंजिनावर पुन्हा मोजले तेव्हा 0.9 च्या जागी 0.06 व्होल्ट आला.

गॅरेजमध्ये प्रत्येक भाग बदलल्यावर गाडी काही दिवस का चालत असे, हेही त्यामुळे स्पष्ट झाले. फिल्टर सोडून बाकी बहुतेक कामांसाठी सीट उचलली जाई, परत बसताना तिची चौकट त्या गुंडाळ्यावर नव्याने दाब देई, काळ्या तारा एकमेकींवर घासून थोड्या उघड्या होत आणि जोड तात्पुरता धरत असे. पंप बदलला त्या दिवशीही त्यांनी सीट उचलून इंजिनजवळचे फ्यूज पाहिले होते, हे मिस्त्रीने विचारल्यावर आठवून सांगितले. त्याला मी जुन्या वायरचा तुकडा नेऊन दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “मास्तर, हा तुकडा इथेच ठेवतो, पोरांना दाखवायला.”

ज्यांनी जुनी व्हॅन घेतली आहे आणि तिच्यात कधीकाळी गॅसचे किट होते, त्यांनी आरसी बुकावरची इंधनाची नोंद तर पाहावीच, पण त्याहून आधी किटची स्विच, इंजेक्टरचा एम्युलेटर (गॅसवर चालताना इंजेक्टर चालू असल्याचा भास ईसीएमला देणारा भाग) आणि पंपाचा कट-ऑफ जिथे जिथे जोडला होता, त्या सगळ्या जागा शोधाव्यात. मूळ टेप आणि नंतरची टेप यांतला फरक डोळ्यांना दिसतो. आमच्या गाडीत असे आणखी दोन जोड निघाले, एक इंजेक्टरच्या वायरींवर आणि एक पंपाच्या वायरवर. दोन्ही अजून शाबूत होते, तरी तेही कापून नव्याने केले. डॅशबोर्डवरचे तीन बल्ब मी पावसाळा संपेपर्यंत काढले नाहीत. त्या काळात पालचा घाट दोनदा भर दुपारी चढून पाहिला आणि मधला बल्ब एकदाही पिवळा पडला नाही. आता ते काढून त्यांच्या वायरींची टोके बंद केली आहेत, आणि बल्ब त्या चोपड्याच्या विद्यार्थ्याला दिले आहेत, कारण त्याच्याकडे एक स्कूल व्हॅन अशाच तक्रारीने आली आहे.